माजी सैनिकाच्या घरातील बंदूक



आपले कित्येक जवान सेवानिवृत्तीनंतर बँकेच्या दारी पहारेकरी झाले आणि स्वतःच्या बारा बोअरच्या बंदुकीवर त्यांनी मुलांची शिक्षणे केली. त्यामुळे घरच्या मंडळींस ती बंदूक दागिन्याप्रमाणे वंशपरंपरेची वाटू लागते. येथेच घोटाळा होतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. धन्याच्या निधनानंतर ती कपाटात तशीच राहू देणे म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणे होय. मग ती ठेवणारी सैनिकाची विधवा का असेना! सुतकात हे कोणास सुचणार? तथापि आम्ही भगिनींस आग्रहाने सांगतो की, विलंब न लावता पोलीस ठाण्यास लेखी कळवावे, ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे बंदूक जमा करावी व पावती घ्यावी. वारसास पुढे स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो.

२०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली आहे. आपल्या वराती, देवकृपेने, बँडच्याच गोंगाटाने गाजतात! पावती मात्र पेन्शनच्या कागदांतच ठेवावी.