नागरिकशास्त्राचा तास : काही अनुभव

(संस्थेच्या शिक्षक मेळाव्यातील भाषणाचे लेखरूप)

हे भाषण केले तेव्हा समोर बहुतेक शिक्षकच होते. आता स्मरणिकेद्वारे ते पालकांच्या व संस्थेच्या हितचिंतकांच्या हाती पडेल, म्हणून बी. एड्.च्या पुस्तकातली भाषा गाळली आहे. मुद्दा तोच आहे.

नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या मागे बांधलेला विषय. लढाया आणि तह यांत वर्ष सरते. परीक्षा आठ दिवसांवर आली की ग्रामपंचायतीची कामे फळ्यावर लिहून दिली जातात आणि मुले ती पाठ करतात : दिवाबत्ती, पाणीपुरवठा, जन्ममृत्यूची नोंद. मीही पहिली काही वर्षे हेच केले. उर्दू माध्यमात या विषयाला 'शहरियत' म्हणतात. एकदा एका मुलाने विचारले, "सर, हम तो गाँव के लोगाँ, हमकू शहरियत कायकू?" मराठीतला 'नागरिक'ही नगरातूनच आला आहे, एवढे सांगून मी वेळ मारून नेली. पण त्याचा प्रश्न शब्दाच्या व्युत्पत्तीचा नव्हता, हे मला उशिरा कळले.

आमचे अंकुशनगर म्हणजे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील समर्थ सहकारी साखर कारखान्याचा परिसर. येथल्या मुलाला संसद दूरची आहे. रेशनकार्ड, सातबारा आणि उसाच्या वजनाची पावती रोजची आहे. तेव्हा मी सुरुवात कागदांपासून केली. घरातला एक जुना सरकारी कागद पाहून या, त्यावर काय आहे ते वहीत उतरवा, मूळ कागद मात्र आणू नका, असे सांगितले. (आधार क्रमांकही उतरवू देऊ नये. ही काळजी शिक्षकानेच घ्यायची.)

दुसऱ्या दिवशी वर्गात इतिहासच गोळा झाला. आजोबांच्या कागदावर जिल्हा औरंगाबाद, नातवाच्या कागदावर जालना. कारण जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. एका घरात हैदराबाद संस्थानाच्या काळातला, म्हणजे 1948 पूर्वीचा, उर्दूत लिहिलेला महसुली कागद होता. तो वाचता येईल असा त्या घरात एकच जण होता, आमचा सातवीतला विद्यार्थी. याच तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर 2023 साली निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची सर्वांनाच आठवण झाली. त्या मुलाला आपल्या लिपीचा गावाला उपयोग आहे हे पुस्तकाबाहेर प्रथमच कळले असावे.

पण याच तासात एक कटू गोष्टही निघाली. एकाच मुलाचे आडनाव एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर 'शेक'. आईचे नाव कोठे 'बी' लावून, कोठे 'बेगम'. मुले हसली. मला हसू आले नाही, कारण त्यातला एक घोळ माझ्याच हातचा होता. प्रवेशाच्या गर्दीत जनरल रजिस्टरला मी कानाने ऐकले तसे लिहिले होते. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच उतरते आणि त्या एका अक्षरासाठी बापाला मजुरी बुडवून तालुक्याला हेलपाटे घालावे लागतात. तेव्हापासून मी नाव पालकांना वाचून दाखवतो, जन्मनोंदीशी ताडून पाहतो आणि मगच लिहितो. माझ्या मते नागरिकशास्त्राचा पहिला धडा मुलाने नव्हे, शिक्षकाने गिरवायचा आहे, आणि तो जनरल रजिस्टरवर.

पुस्तक आणि गाव यांचा मेळ बसला नाही तर घाबरू नये. तास तेथेच रंगतो. सरपंच कोण निवडतो? पूर्वी सदस्य निवडत. 2017 साली तो थेट जनतेतून निवडायचे ठरले, 2020 साली ते रद्द झाले, 2022 साली पुन्हा थेट निवड आली. कायदा हा दगडावरचा लेख नाही, माणसे तो बदलतात, हे सांगायला आणखी काय हवे? ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. हे मी गणिताच्या तासाला देतो. 600 मतदारांच्या गावाला किती, 2000 च्या गावाला किती? आणि मागच्या सभेला तुमच्या घरचे कोण गेले होते? या शेवटच्या प्रश्नाला वर्ग एकदम शांत होतो.

माहितीचा अधिकार कायदा 2005 चा. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर, दीडशे शब्दांत करावा लागतो, शुल्क 10 रुपये, आणि उत्तराची मुदत 30 दिवस. निबंधलेखनाला यापेक्षा चांगला विषय मला मिळालेला नाही. मुले आधी गाऱ्हाणे मांडतात, 'आमच्या गल्लीत पाणी येत नाही'. त्यातून माहितीचा प्रश्न काढायला दोन तास जातात : 'पाणीपुरवठ्यावर गेल्या वर्षी किती खर्च झाला?' अर्ज पाठवायचा की नाही हे पालक ठरवतात.

कारखान्याचाही मी उपयोग करतो. सहकारी संस्थेत भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. दोन एकरवाल्याचे आणि वीस एकरवाल्याचे मत सारखे, हे मुलांना राज्यघटनेतल्या समतेपेक्षा लवकर पटते, कारण दोघांनाही ती ओळखतात.

आता ज्यासाठी मी मेळाव्यात उभा राहिलो ती गोष्ट सांगतो. जुलैत वर्गाची निवडणूक घ्यायची म्हणून आम्ही मतदारयादी केली, पुठ्ठ्याची पेटी केली, शाईऐवजी स्केचपेन आणला. पावसामुळे, मग चाचणीमुळे मतदान लांबत दिवाळीनंतर गेले. तोवर गाळप सुरू झाले होते. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, कोप्या पडल्या आणि टोळीतली तीन मुले वर्गात दाखल झाली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला मागे राहिला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि आम्ही अडवलाही नाही. मतदानाच्या दिवशी त्यांतली एक मुलगी रांगेत उभी राहिली. मतदान अधिकारी झालेल्या मुलाने यादी पाहून सांगितले, "तुझं नाव नाही." ती म्हणाली, "माझ्या मायचं बी नसतंय." आणि बाकावर जाऊन बसली.

तिची आई खोटे बोलली नसावी. नाव गावच्या यादीत असेल, पण माणूस फडात. 2024 साली विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला झाले, ऐन गाळपाच्या तोंडावर. मुकादमाची उचल घेतलेला कोयता मतासाठी गावी जाईल कसा? रेशनचे धान्य आता दुसऱ्या गावच्या दुकानातही उचलता येते. 2019 पासून ती सोय टप्प्याटप्प्याने आली. मताला अशी सोय नाही. निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जानेवारी 2023 मध्ये राजकीय पक्षांपुढे ठेवला, पण सामान्य मतदार अजून नाव असेल तेथेच मत देतो.

मी मतदान थांबवले. हे बरोबर केले की नाही, मला आजही सांगता येत नाही. काही मुलांचे म्हणणे, यादी जुलैची, नियम म्हणजे नियम. काहींचे म्हणणे, मार्चमध्ये पट्टा पडला की ही जाणार, मग आमचा मंत्री हिने का ठरवावा? एक मुलगा म्हणाला, पाण्याची टाकी तीही वापरते, मग पाणीमंत्री तिचाही आहे. यादी पुन्हा उघडावी काय यावर मत घ्यायचे ठरले, तेव्हा त्याच मुलाने विचारले, "सर, ह्या मतदानाला त्या तिघांना धरायचं का नाही?" मी तीस मिनिटे खडू हातात धरून उभा होतो. बी. एड्.च्या कोणत्याही टिपणात याचे उत्तर नव्हते. अखेर वर्गानेच ठरवले की ज्यांच्याबद्दल प्रश्न आहे त्यांनी आधी बोलावे, मग यादीतल्यांनी हात वर करावेत. तिघेही बोलले. यादी उघडली गेली, पण फक्त चार हातांच्या फरकाने.

पाणीमंत्री तीच मुलगी झाली. टाकी आठवड्यातून दोनदा धुतली जाऊ लागली, हे मुख्याध्यापकांनीही मान्य केले. मार्चमध्ये टोळी परत गेली. जाताना तिने टाकीच्या किल्लीचा दोरा वर्गप्रमुखाच्या हाती दिला. तिच्या जागी पोटनिवडणूक घ्यावी, की तिचे पद पुढच्या दिवाळीपर्यंत राखून ठेवावे, यावर वर्गाचे अद्याप एकमत झालेले नाही.