‘ऑर्केस्ट्रा’त गाणं कोण म्हणतं?

शाहूवाडीतून बोलतोय.

आपल्याकडं ऑर्केस्ट्रा म्हटलं की जत्रेतलं स्टेज, सिनेमाची गाणी आणि कानठळ्या बसवणारे स्पीकर. म्हणून मलकापुरातल्या एका मित्रानं मला सरळ विचारलं, "मुंबईच्या त्या ऑर्केस्ट्रात गाणं म्हणतं कोण?" प्रश्न भारी आहे. आजचा भाग त्यावरच.

नरिमन पॉइंटला एनसीपीए आहे. तिथं २००६ साली खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा केला. अशा मैफलीचा नेहमीचा साचा म्हणजे मध्यंतराआधी कंचेर्टो आणि नंतर सिम्फनी. कंचेर्टोत एक मुख्य वादक आणि सोबत अख्खा ऑर्केस्ट्रा. सिम्फनीत सगळे मिळून एक.

जगभर आवडती असलेली एक जोडी घेऊ. रखमानिनोव्हचा दुसरा पियानो कंचेर्टो आणि चायकॉव्स्कीची पाचवी सिम्फनी.

१८९७ मध्ये रखमानिनोव्हची पहिली सिम्फनी सपशेल आपटली. वय अवघं २३. पुढं जवळजवळ तीन वर्षं त्याच्याकडून मोठं काही लिहून झालं नाही. निकोलाय डाल या डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले. मग हा कंचेर्टो आला आणि तो त्यानं डॉक्टरांनाच अर्पण केला. १९०१ मध्ये मॉस्कोत पूर्ण कंचेर्टो पहिल्यांदा वाजला, तेव्हा पियानोवर तो स्वतः होता.

आता गंमत ऐका. सुरुवातीला पियानो एकटाच, घंटेसारखे जड सूर देत चढत जातो. आपल्याला वाटतं, आता हिरोची एंट्री. पण मुख्य धून उचलतात व्हायोलिनवाले आणि पियानो त्यांना साथ करतो! दुसऱ्या भागात आधी बासरी, मग क्लॅरिनेट गातं, पियानो पुन्हा साथीला. एवढ्या पडझडीतून उठलेला माणूस स्वतः वाजवायला बसतो आणि पहिली धून दुसऱ्याच्या हाती देतो. मला तर हे लई आवडतं.

मध्यंतरानंतर चायकॉव्स्की. १८८८ ची रचना. सुरुवातीला क्लॅरिनेटवर खालच्या सुरात एक उदास धून येते. तीच चारही भागांत परत येते आणि शेवटी विजयाच्या थाटात वाजते. एक टिप देतो. शेवटच्या भागात मोठा गजर होऊन सगळं एकदम थांबतं. तिथं टाळ्या वाजवू नका, अजून बाकी आहे!

तर मित्राला उत्तर असं की इथं गाणं सगळेच म्हणतात, आळीपाळीनं.

"पण हे आपलं कुठाय?" असंही कुणी म्हणेल. अल्लादिया खाँसाहेब राजस्थानातून आले, शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी ठेवलं आणि त्यांची जयपूर-अत्रौली गायकी इथं मुरली. आज तिला परकी कोण म्हणतं? ऐकणाऱ्यांनी कान दिला की गाणं आपलं होतं.

मोबाइलवर दोन्ही रचना मिळतात. एक सव्वा तासाच्या आसपासचा ऐवज आहे. हेडफोन लावा, नोटिफिकेशन बंद करा, पुढं ढकलू नका. कंचेर्टो झाला की चहा प्या, मग सिम्फनी लावा. आणि धून आत्ता कुणाच्या हातात आहे, एवढंच शोधत राहा.

काय सापडलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!