बांधावरचं पाणी आणि ३/२ घात

चासकमान धरणाच्या कालव्याचं पाणी शिरूर तालुक्यात येतं, आणि न्हावऱ्याकडच्या ऊस बागायतीत पाण्याचा हिशेब चोख लागतो. मोजमापासाठी घातलेल्या आयताकृती बांधावरून जाणारा विसर्ग हा माथ्यावरच्या पाण्याच्या उंचीच्या ३/२ घाताच्या प्रमाणात असतो. म्हणून उंची दुप्पट झाली की पाणी दुप्पट होत नाही, सुमारे २.८३ पट होतं. मग पाणी दुप्पट हवं तर उंची किती वाढवायची? उंचीच्या पटीचा ३/२ घात बरोबर २. दोन्ही बाजूंचा २/३ घात घ्या. घातांकांचा गुणाकार १ होतो आणि उत्तर येतं सुमारे १.५९ पट. उंचीवरून विसर्ग सांगणारा तयार तक्ता असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. पण तो तक्ताही याच सूत्रावरून बनतो. घात असा उलटवताना एक मेख मात्र आहे. क्षचा २/३ घात ४ असेल, तर क्ष ८ किंवा उणे ८, कारण घातांकाच्या अंशातला २ वर्ग करतो आणि उणे चिन्ह पुसलं जातं. पाण्याची उंची उणे नसते, तिथे एकच उत्तर चालतं. वहीत मात्र दोन्ही लिहायला हवीत.