स्वस्तातला राजा



१९२१ सालच्या मार्चमध्ये कैरोच्या सेमिरामिस हॉटेलात चाळीसेक मंडळी जमली. बोलावणं विन्स्टन चर्चिल यांचं होतं. वसाहतमंत्री होऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. बगदादचे हाय कमिशनर सर पर्सी कॉक्स आले होते, त्यांच्या सचिव गर्ट्रूड बेल होत्या, वाळवंटातल्या लढाईत नाव कमावलेले कर्नल लॉरेन्स होते, विमानदलाचे प्रमुख ट्रेंचर्ड होते. इराकचं पुढं काय करायचं, हे इथं ठरणार होतं. त्या बैठकीत इराकी माणसं किती? दोन. जाफर अल-अस्करी आणि सासून एस्केल. बाकी सगळे साहेबलोक.

या बैठकीबद्दल बोलताना अरबांचं स्वातंत्र्य, दिलेली वचनं, इतिहासाचा न्याय असे मोठे शब्द वापरले जातात. चर्चिलसाहेबांपुढं मात्र प्रश्न साधा होता: हा मुलूख हातात ठेवायचा, पण कमीत कमी किती पैशात?

पैशाची ही चणचण कुठून आली, ते आधी पाहू. महायुद्धात तुर्कांकडून मेसोपोटेमिया, म्हणजे हाच इराकचा मुलूख, जिंकला तो मुख्यतः हिंदुस्थानच्या फौजेनं. १९१४ च्या नोव्हेंबरात बसरा घेतलं, त्या सैन्याचं नावच सहावी पूना डिव्हिजन. दीड वर्षानं कुत-अल-अमारा इथं उपासमारीनं हैराण होऊन जी फौज तुर्कांना शरण गेली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १९१७ च्या मार्चमध्ये बगदाद पडलं, आणि फौजेमागोमाग हिंदुस्थानी कारभारही तिथं पोचला. बाजारात रुपया चालू लागला. आपल्याकडच्या कायद्यांवर बेतलेले कायदे आले. हिंदुस्थानात पोलिटिकल ऑफिसर म्हणून तयार झालेले अर्नोल्ड विल्सन बगदादेत कारभार पाहू लागले. या विल्सननी तर १९१४ मध्येच सुचवलं होतं की हा प्रांत हिंदुस्थानला जोडावा आणि पंजाबातले शेतकरी नेऊन तिथं वसवावेत. तिथं आधीपासून माणसं राहतात, ही अडचण त्यांना फारशी वाटलेली दिसत नाही.

दरम्यान लंडननं मक्केच्या शरीफ हुसेनना अरब राज्याची आशा दाखवली होती, फ्रान्सशी वाटणीचा गुप्त करार केला होता आणि ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय घर देऊ केलं होतं. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून मी तिथं रेंगाळत नाही. १९२० च्या एप्रिलात सान रेमोला दोस्तांची वाटणी झाली. सीरिया फ्रान्सला, इराक आणि पॅलेस्टाइन इंग्लंडला. या मालकीला नाव दिलं मॅन्डेट, म्हणजे राष्ट्रसंघाच्या वतीनं पालकत्व.

पालकत्व मागितलं कुणी होतं? जूनअखेर फुरात नदीकाठच्या रुमैथा गावात इंग्रज अधिकाऱ्यानं एका शेखला थकलेल्या तगाईपायी कोठडीत घातलं. त्याच्या टोळीनं कोठडी फोडून त्याला सोडवलं, आणि बघता बघता दक्षिण इराक पेटला. शिया आणि सुन्नी एका मशिदीत एकत्र जमू लागले. बंड मोडायला हिंदुस्थानातून आणखी पलटणी न्याव्या लागल्या. हजारो इराकी मेले, आपल्या बाजूचे शेकडो. खर्च झाला सुमारे चार कोटी पौंड, आणि तोही महायुद्ध संपून दीड-पावणेदोन वर्षं झाल्यावर. लंडनचे वर्तमानपत्रवाले विचारू लागले, हे वाळवंट आपल्याला हवंय तरी कशाला?

म्हणून कैरो. साप मरावा आणि काठीही मोडू नये असा तोडगा निघाला. इराकला एक राजा द्यायचा आणि पायदळाच्या जागी विमानं ठेवायची. राजा तयारच होता. शरीफ हुसेन यांचे चिरंजीव फैसल यांना फ्रेंचांनी आदल्या जुलैत दमास्कसमधून हाकललं होतं; रिकामे होते.

हा डाव आपल्याला नवा वाटू नये. पेशवाई बुडवल्यावर १८१८ मध्ये एल्फिन्स्टनसाहेबांनी साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांना छोटंसं राज्य दिलं आणि शेजारी ग्रँट डफला बसवलं. गादी छत्रपतींची, किल्ल्या साहेबाच्या. वीस-एक वर्षांनी महाराज डोईजड वाटू लागले, तेव्हा त्यांची रवानगी काशीला झाली. कॉक्ससुद्धा हिंदुस्थानच्या पोलिटिकल खात्यातच घडलेले.

बसऱ्याचे सय्यद तालिब यांनाही राजपद हवं होतं, आणि ते तसं बोलूनही दाखवत. १९२१ च्या एप्रिलात ते लेडी कॉक्स यांच्याकडे चहाला गेले. चहा झाला, बाहेर पडले, आणि वाटेतच त्यांना पकडून चिलखती गाडीत बसवलं. तिथून थेट सिलोन! मग सार्वमत झालं. कागदावर प्रश्न एकच, फैसल हवेत का? शंभरात शहाण्णव लोकांनी हो म्हटल्याचं जाहीर झालं. किर्कुकनं नाही म्हटलं, सुलेमानियानं मतच दिलं नाही. २३ ऑगस्टला पहाटे बगदादेत राज्याभिषेक झाला. नव्या देशाला राष्ट्रगीत नव्हतं, म्हणून बँडनं इंग्लंडच्या राजाचं गीत वाजवलं. गर्दीतल्या कुणाच्या मनात काय आलं असेल, देव जाणे.

तोडग्याचा दुसरा भाग विमानांचा. १९२२ च्या ऑक्टोबरपासून इराकचं संरक्षण विमानदलाकडे गेलं. पलटण पाठवायला आठवडे लागायचे, विमान तासाभरात पोचायचं. सरकारला न जुमानणाऱ्या, कर न भरणाऱ्या टोळ्यांवरही बाँब पडू लागले. चार्लटन नावाचे विमानदलाचे मोठे अधिकारी एकदा दिवानियाच्या इस्पितळात गेले. तिथं बाँबनं जखमी झालेली माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि आपल्याला या कामातून मोकळं करा असं सांगितलं. खर्च मात्र खरोखरच उतरला. तिजोरीच्या दृष्टीनं धोरण यशस्वी.

फैसल निव्वळ बाहुलं होते, असं मात्र मी म्हणणार नाही. सत्ता अखेर हाय कमिशनरची आहे असं राज्याभिषेकाच्या भाषणात म्हणा, हा आग्रह त्यांनी मानला नाही, आणि पुढं दहा वर्षं ते इंग्रजांशी करायच्या तहाच्या कलमांवरून घासाघीस करत राहिले. कैरोच्या बैठकीतले ते सासून एस्केल अर्थमंत्री झाले. तेलाच्या करारात इराकचा वाटा सोन्याच्या भावानं मिळावा, यावर ते अडून बसले आणि ते त्यांनी पदरात पाडून घेतलं. १९३२ मध्ये रुपया जाऊन दिनार आला आणि ऑक्टोबरात इराक राष्ट्रसंघाचा सभासद झाला.

पण १९३० च्या तहात इंग्रजांनी दोन विमानतळांची सोय पंचवीस वर्षांसाठी करून ठेवली होती. त्यातला एक पुढं फुरातकाठी हब्बानियाला उभा राहिला. १९४१ मध्ये बगदादचं सरकार इंग्रजांना नको असलेल्या रशीद अलींच्या हाती गेलं. मे महिन्यात हब्बानियावरून विमानं उडाली, आणि महिना संपता संपता रशीद अली देश सोडून इराणात पोचले.