कार्ड मेलेलं नव्हतं



पूर्णा तालुक्यातल्या आमच्या ताडकळसच्या एका गुरुजींची गोष्ट सांगतो. गावातल्या वडीलधाऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी कॅसेटवर धरल्या होत्या. पुढे आवाजाचं कार्ड बसवलेल्या संगणकात त्या उतरवून घेतल्या. कॅसेटी कालांतरानं खराब झाल्या. मग कुणीतरी त्या संगणकावर विंडोज विस्टा चढवली आणि यंत्र मुकं झालं. दुरुस्तीवाला म्हणाला, "कार्ड मेलं. आता यंत्र भंगारात घाला."

मंडळी, कार्ड मेलेलं नव्हतं. त्याची हजेरी घेणारं कुणी उरलं नव्हतं. हे कसं, ते आज पाहू.

ते कार्ड ज्या लांब खाचेत बसतं, तिला आयएसए म्हणतात. तिची सुरुवात १९८१ च्या आयबीएम पीसीपासून झाली. पण कार्ड नुसतं खोचून भागत नाही. त्याला एक पत्ता लागतो आणि "माझ्याकडे लक्ष द्या" असं सांगायला एक तार लागते. या तारेला इंटरप्ट म्हणतात. अशा तारा सोळाच, आणि त्यांतल्या कित्येक घड्याळ, कळफलक, डिस्क यांनी आधीच धरलेल्या. बाजाराच्या दिवशी एकाच जागी दोघांनी पाल ठोकलं की भांडण जुंपतं ना? तसंच दोन कार्डांनी एक तार धरली की यंत्र अडून बसे. मग कार्डावरचे जंपर नावाचे चिमुकले तुकडे काढघाल करून जागा बदलावी लागे.

हा ताप टळावा म्हणून १९९३-९४ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आयएसए कार्डांसाठी 'प्लग अँड प्ले'चे नियम ठरवले. शिक्षकांना ते लगेच कळतील, कारण ही वर्गातली हजेरीच आहे. संगणक आधी ठरलेली ३२ आकड्यांची खूण देतो. कार्डं सावध होतात. प्रत्येकाजवळ ७२ बिटांची स्वतःची ओळख असते. संगणक एकेक बिट विचारत जातो. ज्याचा बिट एक, ते कार्ड बोलतं. ज्याचा शून्य, ते कान देतं आणि दुसऱ्याचा आवाज आला की बाजूला होतं. शेवटी एकच उरतं. त्याला क्रमांक मिळतो, मग बाकीच्यांची पाळी. सगळ्यांची नावं लागली की पत्ते आणि तारा वाटल्या जातात.

पण हजेरी घ्यायला गुरुजी हवेत! ते काम यंत्राचा कारभार पाहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं. विंडोज ९५ नं ते अंगावर घेतलं, एक्सपीपर्यंत ते चाललं. लिनक्सच्या गाभ्यात ही सोय २००१ च्या २.४ आवृत्तीपासून आली. दरम्यान पीसीआय नावाच्या नव्या खाचा रूढ झाल्या, आयएसए मागे पडली, आणि विस्टानं ही हजेरी आपोआप घेणं थांबवलं. जुन्या कार्डवाल्याला मात्र हे सांगायला कुणी आलं नाही.

गुरुजींनी पुन्हा एक्सपी घातली आणि कार्ड बोलू लागलं. ओव्या डिस्कच्या दुसऱ्या भागात शाबूत होत्या. यंत्र भंगारात गेलं असतं, तर त्यांच्यासकट गेलं असतं.

मराठी माणसाला हा धडा नवा नाही. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटे. पुढे ऑपरेटिंग सिस्टिमच देवनागरी शिकल्या, युनिकोड आलं, कार्डाची गरज सरली. पण तेव्हाच्या इस्की संकेतातला मजकूर ज्यांनी युनिकोडमध्ये बदलून घेतला नाही, त्यांना आज त्या फायलींत अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात.

म्हणून शाळेच्या कपाटात जुना संगणक असेल, तर एवढं करा. नवी सिस्टिम चढवण्याआधी आतला मजकूर आणि आवाज दुसरीकडे उतरवून घ्या. कार्डावरचं नाव वहीत टिपा, त्याची ड्रायव्हरची फ्लॉपी जपा. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, तेव्हा असं यंत्र इंटरनेटला जोडू नका. आणि कुणी "मेलं" म्हणालं, तर आधी विचारा: हजेरी घेतली का?