पक्षाघात : पहिला आठवडा आणि त्यानंतर



पक्षाघाताचा झटका आलेला रुग्ण पहिले चार-पाच दिवस काढतो, घरची मंडळी निःश्वास टाकतात आणि दहाव्या-बाराव्या दिवशी तो जातो. ‘सुधारत होता, मग झाले तरी काय?’ हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. मी साहित्याचा विद्यार्थी. परंतु या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराला ठाऊक असावे, म्हणून आज हा विषय घेतला.

रुग्णालयातील हे मृत्यू साधारणतः दोन टप्प्यांत होतात. पहिला टप्पा पहिल्या आठवड्याचा. येथे कारण बहुधा मेंदूतच असते. रक्तवाहिनी फुटली असेल, तर साकळलेले रक्त भोवतालचा भाग दाबते. गुठळीने मोठी वाहिनी बंद झाली असेल, तर निकामी झालेला भाग सुजतो आणि ही सूज दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत कळसाला पोहोचते. कवटी हाडाची, तिला फुगता येत नाही. मग सुजलेला मेंदू खाली सरकून श्वासाचे नियंत्रण करणारे केंद्र चेपतो. साठीच्या आतील निवडक रुग्णांत ४८ तासांच्या आत कवटीचा तुकडा काढून सुजेला वाट दिली, तेव्हा वर्षभराने हयात असणाऱ्यांचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेले, असे २००७ साली तीन युरोपीय चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसले. मात्र वाचलेल्यांपैकी अनेकांना अपंगत्व राहिले, हेही सांगितले पाहिजे.

दुसरा टप्पा त्यानंतरचा. येथे घात करते ते अंथरूण. न्यूमोनिया, पायाच्या शिरेत धरून फुफ्फुसात जाणारी गुठळी, लघवीच्या नळीतून वा शय्याव्रणातून पसरणारा जंतुसंसर्ग आणि दुबळे हृदय ही येथली प्रमुख कारणे. यांतील बरीचशी टाळता येण्याजोगी आहेत.

न्यूमोनियाचेच पाहा. आरंभी सुमारे निम्म्या रुग्णांची गिळण्याची शक्ती बिघडलेली असते. घसा कोरडा पडला म्हणून आपण मायेने दोन चमचे पाणी पाजतो आणि ते श्वासनलिकेत उतरते. पुष्कळदा ठसकाही लागत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. माया खरी असते, पण परिणाम घातक होतो.

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स प्रांतातील १९ रुग्णालयांपैकी काहींत परिचारिकांना ताप, रक्तातील साखर आणि गिळण्याची क्षमता या तीनच गोष्टींवर काटेकोर लक्ष ठेवण्यास शिकविले गेले. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नव्वद दिवसांनंतर मृत्यू वा परावलंबित्व यांचे प्रमाण इतरत्र ५८ टक्के, तर येथे ४२ टक्के होते. नवे औषध एकही नव्हते. होती ती शिस्तबद्ध शुश्रूषा.

तेव्हा तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा आणि मेंदूचे स्कॅन होणारे रुग्णालय त्वरित गाठा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते. दाखल केल्यावर, गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका. कूस केव्हा व कशी बदलायची, रुग्णाला केव्हा बसवायचे, हे परिचारिकेला विचारा. भेटीस येणाऱ्या आप्तांनाही हे सांगा.

पहिल्या आठवड्यातील लढाई मुख्यतः डॉक्टरांची असते. नंतरच्या लढाईत रुग्णाच्या उशाशी बसलेल्या आपलाही वाटा असतो. तो जाणतेपणाने उचलू या.