लेकीची डिग्री कशासाठी?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



जून-जुलै आला की गटाच्या बैठकीत कर्जमागणीचं एक कारण हमखास असतं, पोरीची फी. आणि मागून कुणीतरी विचारतंच, "पण एवढं शिकून नोकरी लागंल का?" आज त्याच प्रश्नावर बोलते.

काही मोठी माणसं म्हणतात, विद्यापीठ ज्ञानासाठी असतं, तिथं नोकरीचं काय घेऊन बसलात! ज्याच्या घरात पगार येतो त्याला हे बोलणं परवडतं. गटातून तीस हजार उचलले, व्याज महिना दोन टक्के धरलं, तर पहिल्याच महिन्याला सहाशे रुपये व्याज. ते खुरपणीच्या मजुरीतून जातं. म्हणून नोकरीचं विचारायचा आईला पूर्ण हक्क आहे, आणि कॉलेजनं त्याचं उत्तर दिलंच पाहिजे.

पण तायांनो, प्रश्न तिथं संपत नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिलांचं विद्यापीठ काढलं. १९२१ मध्ये पहिल्या पाच जणी पदवीधर झाल्या. फार मोठं काम. तरी तेव्हाही अभ्यासक्रमात घर सांभाळण्याचे विषय होते, कारण बाईनं शिकायचं ते संसार चांगला करण्यासाठी, असा त्या काळचा विचार होता. आज आपण म्हणतो, शिकायचं ते नोकरीसाठी. दोन्ही वेळा मुलीनं कशासाठी शिकायचं हे दुसऱ्यांनीच ठरवलं!

आपल्याच गटांचं बघा. लेखापाल ताई आधी रजिस्टर लिहायच्या, आता मोबाईलवर लोकॉस ॲपमध्ये माहिती भरावी लागते. जिला नुसते रकाने भरता येतात ती नवीन काही आलं की अडते. जिला हिशोब समजतो ती चार दिवसांत शिकते. नोकरीचंही तसंच आहे. काम बदलत राहतं, समज कामाला येते.

मी समाजकार्य शिकले. त्यात वर्गाबरोबर क्षेत्रकार्य असतं, म्हणजे वस्तीत, गावात जाऊन काम करायचं. त्याच अनुभवावर मला ही नोकरी मिळाली. पण रोज उपयोगी पडतं ते वेगळंच. शासन निर्णय वाचून त्यात कोण बसतं, कोण सुटलं हे ओळखणं. "नियमात बसत नाही" असं उत्तर मिळालं की "कोणता नियम, दाखवा" म्हणणं. हे एका विषयात शिकवत नाहीत. ते कायदा, इतिहास, समाजशास्त्र असं सगळं वाचून अंगात येतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, विद्यापीठानं मुलींना कामासाठी जरूर तयार करावं, पण एकाच कामापुरतं नको.

आता एक सावधगिरी. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार एक वर्ष केलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, अशी सोय आहे. मध्येच थांबलं तरी मिळवलेले गुणांक, म्हणजे क्रेडिट, आपल्या बचतीसारखे खात्यावर राहतात आणि पुढे परत प्रवेश घेता येतो. अडचणीतल्या मुलीसाठी सोय चांगलीच आहे. पण "सर्टिफिकेट मिळालं, आता पुरे, स्थळ चांगलं आलंय" असं म्हणायलाही ती वापरली जाईल. मुलग्याच्या बाबतीत असं कोण म्हणतं? ही सोय लेकीला बाहेर काढायला वापरू देऊ नका.

फी भरण्याआधी आईनं स्वतः कॉलेजात जावं आणि चार गोष्टी विचाराव्यात:

१. मागच्या दोन वर्षांतल्या मुली आज काय करतात?
२. प्रत्यक्ष कामाचा अनुभव कुठं आणि किती दिवस देता?
३. शिष्यवृत्ती, फीमाफी कोणती? अर्ज कोण भरून देतं?
४. वाचनालय, संगणक मुलींना रोज वापरायला मिळतात का?

आणि पाचवा प्रश्न घरी, लेकीला: "तुला काय शिकायचंय?"

पुढच्या बैठकीत शिक्षणासाठी कर्जाचा अर्ज आला, तर या पाचही उत्तरांवर चर्चा करूया आणि ती ठराव वहीत लिहूया. कर्ज आपण फेडणार आहोत, तर विचारायचंही आपणच.

जय सावित्री!